परमिट रूममधलं जेवण

परवा नातू आला आणि मला मांडवीला मासे खायला घेऊन गेला. दारावर पाटी : परमिट रूम. पाय थबकलेच!

माझा जन्म १९५० चा. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, म्हणजे माझ्याहून वर्षाने मोठा. त्या कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागू लागला. परवानेवाल्यांनी बसायची खोली ती परमिट रूम. पुढे बंदी सैल झाली, पाटी मात्र राहिली. कागदोपत्री परवाना आजही लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा नाहीतर आजन्म. (नातवाला सांगितलं तर त्याला खरंच वाटेना.)

अशा ठिकाणी मासे झकास मिळतात हे गावाला ठाऊक. पण मास्तर आत शिरताना एखाद्या पालकाने पाहिला तर? हिला तिथलं बांगड्याचं तिखलं एकदा खायचं होतं. मागे फॅमिली रूम आहे, वेगळं दार आहे, हेही तिनेच शोधून काढलेलं. मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर जाऊ. झालो, तरी गेलो नाही. आता ती नाही.

तिखलं मागवलं. चांगलं होतं. सोलकढी मात्र हिच्या हातच्यापेक्षा पातळ. तरी दुसरी वाटी घेतली.