जुनी साखळी-करवत की नवी : वृक्षतोडीच्या यंत्राच्या पिढ्यांचा इतिहास

जर्मनी, स्वीडन किंवा अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील जंगलांत वृक्षतोडीवर पोट भरणाऱ्या कामगारांमध्ये एक वाद दीर्घकाळ चालत आला आहे. कारखान्याने एखाद्या व्यावसायिक साखळी-करवतीची, म्हणजे ‘चेन सॉ’ची, सुधारित आवृत्ती बाजारात आणली की जुने यंत्र दुरुस्त करून वापरत राहावे की नव्यात पैसे घालावेत, असा तो वाद आहे. त्याकडे वरवर पाहणाऱ्याला हा ग्राहकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न वाटेल. पण यंत्राचे वजन, ते धरणाऱ्याचा हात आणि त्यातून निघणारा धूर या तीन गोष्टी गेल्या शतकात कशा बदलत गेल्या हे लक्षात घेतले, तर जुन्याचा आग्रह धरणारे आणि नव्याची बाजू घेणारे हे दोघेही प्रत्येक पिढीत खऱ्या अनुभवावर उभे होते, असे दिसून येते.

आंद्रेआस श्टील याने 1926 साली श्टुटगार्ट येथे आपला उद्योग सुरू केला, तेव्हा त्याची पहिली साखळी-करवत विजेवर चालणारी होती आणि ती उचलायला दोन माणसे लागत. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प याने थुरिंगिया प्रांतातील डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणारी करवत चालवून दाखवली. तिचे वजन सुमारे 58 किलो होते आणि त्या डोंगराचेच नाव पुढे त्याच्या कंपनीला मिळाले. अशा यंत्रापुढे दोघांनी ओढायचा आरा आणि कुऱ्हाड ही हलकी, स्वस्त आणि भरवशाची साधने होती. ओढ्याकाठच्या निसरड्या उतारावर अर्धा क्विंटलहून जड यंत्र वाहून नेण्यापेक्षा आरा बरा, असे म्हणणाऱ्या त्या काळच्या कामगाराला मागासलेला ठरवणे अन्यायाचे होईल.

त्या यंत्रांच्या साखळीचे दातही आऱ्याच्या दातांसारखेच लाकूड ओरबाडत जात. त्यामुळे बराच जोर घर्षणात वाया जाई आणि धार लावण्यात तासन्‌तास जात. ही अडचण जोसेफ ब्यूफोर्ड कॉक्स या ओरेगॉनच्या वृक्षतोड कामगाराने सोडवली. 1946 च्या सुमारास ओंडक्यात शिरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे निरीक्षण करताना त्याच्या ध्यानात आले की तिचे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले जबडे लाकूड एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने कातरत जातात. त्याच आकाराचे दात आळीपाळीने डावीउजवीकडे बसवून त्याने साखळी घडवली आणि 1947 मध्ये पोर्टलंड येथे तिचे उत्पादन सुरू केले. या साखळीला गोल कानशीने जागच्या जागी धार लावता येई, आणि कमी ताकदीचे इंजिनही ती ओढू शके. एका माणसाने वापरायची हलकी करवत त्यामुळेच खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली.

एकट्याने पेलायच्या यंत्रापुढे दुसरी अडचण कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण तयार करणाऱ्या भागाची, होती. जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलाची पातळी तरंगत्या गोळ्याने राखली जाई, त्यामुळे यंत्र आडवे केले की इंजिन बंद पडे. लवचीक पडद्याचा कार्ब्युरेटर आल्यावर मात्र करवत कोणत्याही कोनात चालू लागली. 1959 साली श्टीलने ‘काँट्रा’ हे मॉडेल आणले, ज्यात इंजिन आणि साखळी यांच्यामध्ये गिअर नव्हते. वजन 12 किलो आणि ताकद सहा अश्वशक्ती, हा त्या काळी थक्क करणारा मेळ होता. गिअरच्या करवतीची साखळी सावकाश पण जोरकस चालत असल्याने अजस्र बुंधे कापणाऱ्या काही जणांनी तिची साथ लवकर सोडली नाही. हलकेपणाच्या लढाईचा निकाल मात्र तिथेच लागला होता.

यानंतरचा बदल वजनाहून महत्त्वाचा होता, आणि तो घडायला कामगारांच्या बोटांचे मोल द्यावे लागले. हलक्या करवतीमुळे एकच माणूस दिवसभर यंत्र चालवू लागला. वेगाने फिरणाऱ्या इंजिनाचा कंप थेट मुठीतून हाडांत उतरे, आणि काही वर्षांनी थंडीत बोटांचा रक्तपुरवठा खंडित होऊन ती पांढरी पडत, बधिर होत. वैद्यकात हा विकार ‘पांढरी बोटे’ या अर्थाच्या नावाने ओळखला जातो. 1960 च्या दशकात जपान, ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातील वनकामगारांमध्ये तो मोठ्या प्रमाणावर नोंदला गेला, आणि जपानमध्ये सरकारी जंगलांत करवत चालवण्याचा वेळ दिवसाला दोन तासांवर आणावा लागला. इंजिन आणि मुठी यांच्यामध्ये रबराचे ठोकळे बसवून कंप अडवण्याची रचना याच दशकात आली. स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीचे 1969 चे ‘180’ हे मॉडेल तिचे ठळक उदाहरण आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी साखळीचा ब्रेकही आला, जो करवतीच्या टोकाला लाकडाचा उलटा झटका बसून ती कामगाराच्या अंगावर उसळली तर साखळी क्षणार्धात थांबवतो. अशा रबरी मुठीची करवत हातात सैल वाटते, तिचे टोक नेमके कुठे आहे ते कळत नाही, ही तक्रार तेव्हापासून आजवर ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. पण बोटे शाबूत राहण्यापुढे ती तक्रार फार लहान आहे. या एका मुद्द्यावर तरी जुन्या यंत्राची बाजू घेता येत नाही.

धुराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. साखळी-करवतीचे इंजिन टू-स्ट्रोक असते, म्हणजे दट्ट्याच्या एका वरखाली फेरीत ज्वलनाचे सारे काम उरकते. यात जळालेला धूर बाहेर ढकलण्याचे काम नवे मिश्रणच करते आणि ते करताना त्याचा मोठा भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आणि युरोपात 2002 च्या निर्देशानंतर अशा लहान इंजिनांच्या उत्सर्जनावर कायदेशीर मर्यादा आल्या. कारखान्यांनी काढलेला तोडगा असा, की नव्या मिश्रणाच्या आधी निव्वळ हवेचा एक थर आत सोडायचा, म्हणजे धुराबरोबर जी गळती होते ती पेट्रोलाची न होता हवेची होते. त्यामुळे पेट्रोल वाचले, पण हवेसाठी वेगळे मार्ग करावे लागून इंजिनाचा आकार वाढला.

सुमारे 70 घनसेंटिमीटर क्षमतेच्या श्टील करवतींची वंशावळ या संक्रमणाची उत्तम साक्ष देते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आलेले ‘044’ आणि त्याचेच पुढचे रूप ‘एमएस 440’ ही यंत्रे सुमारे 6.3 किलो वजनाची, साध्या रचनेची आणि रबरी ठोकळ्यांची होती. त्यांच्या जागी आलेल्या ‘एमएस 441’ मध्ये हवेचा थर देणारे इंजिन आणि रबराऐवजी पोलादी स्प्रिंगा होत्या. ती कमी पेट्रोल पिई आणि हाताला सौम्य होती, पण वजन 6.6 किलोच्या आसपास गेले. डोंगराळ भागात दिवसभर करवत वाहणाऱ्याला हे तीनशे ग्रॅम जाणवतात. म्हणून या टप्प्यावर जुने यंत्र जपणाऱ्यांचा निर्णय समजण्याजोगा होता. त्यानंतरच्या ‘एमएस 462’ ने मात्र हिशेब पालटला : क्षमता 72.2 घनसेंटिमीटर, ताकद 4.4 किलोवॉट आणि वजन सहा किलो. उत्सर्जनाच्या नियमांमुळे यंत्रे कायमची जड झाली, हा समज एका पिढीपुरताच खरा होता.

याच काळात मिश्रण जुळवण्याचे कामही कामगाराच्या हातून गेले. जुन्या करवतीत कार्ब्युरेटरचे दोन स्क्रू हवामान, उंची आणि इंधन पाहून, कानाने आवाज ओळखून फिरवावे लागत, आणि ते नीट साधणे हे कसबी कामगाराचे लक्षण मानले जाई. मिश्रणात पेट्रोल कमी पडले तर दट्ट्या तापून चिकटे, जास्त झाले तर ताकद घटे. सुमारे 2010 पासून व्यावसायिक करवतींत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आला, जो इंजिनाच्या फेऱ्यांचा प्रतिसाद पाहून इंधन स्वतः ठरवतो. शहराजवळ काम करणाऱ्याचा यात निखळ लाभ आहे. दुरुस्तीच्या दुकानापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्याला मात्र हा नियंत्रक बिघडला तर पाना आणि स्क्रूड्रायव्हर हाती असूनही काही करता येत नाही, आणि आपल्या यंत्रावरचा ताबा असा गमावणे हे खरे नुकसान आहे. दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आशियातील ज्या देशांत उत्सर्जनाचे नियम सैल होते, तिथे साध्या रचनेची जुनी मॉडेले दीर्घकाळ विकली जात राहिली, त्यामागे स्वस्ताईइतकेच हेही कारण होते. महाराष्ट्रात 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या रस्त्यांवर आडवी झालेली झाडे हटवण्यासाठी बचाव पथकांना साखळी-करवती वापराव्या लागल्या. अशा कामात गैरसोयीच्या जागी तिथल्या तिथे दुरुस्त होणारे यंत्र हवे, ही अपेक्षा वाजवीच ठरते.

2019 साली आलेल्या श्टीलच्या ‘एमएस 500आय’ मध्ये कार्ब्युरेटरच उरला नाही. इंधन थेट इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने आत सोडले जाते, आणि 79.2 घनसेंटिमीटरचे हे यंत्र 6.2 किलो वजनात 5 किलोवॉट ताकद देते, जी ताकद आधीच्या पिढीत सुमारे 92 घनसेंटिमीटर आणि 7.3 किलोच्या ‘एमएस 660’ लाच साधत असे. तरीही ‘660’ ची मागणी संपलेली नाही. तिच्या रचनेच्या नकला चीनमधील कारखाने मोठ्या संख्येने बनवत असल्याने सुटे भाग स्वस्तात मिळतात, पण त्यांचे धातुकाम आणि घडण एकसारखी नसते. परिणामी आज ‘जुने मॉडेल’ घेणाऱ्यापुढे मूळ कारखान्यातले वापरलेले यंत्र, त्याच रचनेची नवी नक्कल, आणि अस्सल सांगाड्यात नकली भाग बसवलेले यंत्र असे तीन निरनिराळे माल असतात, आणि त्यांतला फरक बाहेरून पाहून ओळखणे नवख्याला अवघड जाते.