गळ, आमिष आणि कल्याणीचा राजा

१/ पावसाळ्यात गढूळलेले दख्खनच्या नद्यांचे पाणी शरदात निवळू लागते. निवळ पाण्यात माशाला दोरीही दिसते आणि माणसाची सावलीही. गळ टाकणाऱ्याची परीक्षा तेव्हाच होते. कोणत्या माशाला कोणते आमिष, हा प्रश्न मात्र बारमाही आहे. त्याचे एक लेखी उत्तर जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीचे आहे.

२/ कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६–११३८) याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून पाककलेपर्यंतचे विषय त्यात शंभर अध्यायांत मांडले आहेत. राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ येतो.

३/ त्यात सुमारे ३५ प्रकारचे मासे वर्णिले आहेत: समुद्रातले नि नदीतले, खवल्यांचे नि बिनखवल्यांचे. सोबत गळाचे साहित्य आणि प्रत्येकाच्या खाण्याचा तपशील आहे. कुणाला पिठाचे गोळे, तर कुणाला मांस.

४/ असा तपशील दरबारात बसून मिळत नाही. त्यामागे नदीकाठच्या मासेमारांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण असणार. ग्रंथावर नाव राजाचे राहिले. त्या जाणकारांचे राहिले नाही.

५/ १९५१ साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. मराठी अभ्यासक ‘मानसोल्लास’ ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी उघडतात. जात्या-उखळाशी गाणाऱ्या स्त्रिया आणि पाण्याकाठचे मासेमार, दोघांचेही ज्ञान राजाच्या याच पोथीने जपले आहे.