इंजिन वळवण्याची जागा

वाफेच्या इंजिनाचे पुढचे तोंड ठरलेले असल्यामुळे प्रवास संपला की ते फिरवावे लागे. त्यासाठी रुळांसह स्वतःभोवती फिरणारा पूल, म्हणजे टर्नटेबल, आणि त्याभोवती वर्तुळात मांडलेली इंजिनघरे अशी जी वास्तू युरोप-अमेरिकेत रूढ झाली, तिला राउंडहाउस म्हणतात. आज उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांमधून जाणाऱ्या लोहमार्गावर तोंड फिरवण्याचा प्रश्न सर्वांत बिकट झाला तो थेट बोरघाटात, आणि तिथे फिरवावी लागली ती अख्खी गाडी.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 12 मे 1856 रोजी कल्याण ते खोपोली हा मार्ग सुरू केला, तेव्हा उल्हासनगर हे शहर अस्तित्वातच नव्हते; दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी निर्वासित सिंधी कुटुंबांची वसाहत होऊन त्याला हे नाव मिळाले ते 1949 मध्ये. खोपोली हे घाटाच्या पायथ्याचे टोक होते. 1858 मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा मार्गही सुरू झाला, परंतु मधली चढण प्रवाशांना पालखीतून किंवा तट्टावरून पार करावी लागे. जेम्स बर्कली यांच्या आराखड्यानुसार बोरघाटाचा मार्ग 1863 मध्ये पूर्ण झाला. सुमारे पंधरा-सोळा मैलांत 1,831 फूट उंची गाठणाऱ्या या कामावर एका वेळी 42 हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि पटकीसारख्या साथींनी त्यांतील अनेकांचे बळी घेतले. घाटमार्ग पळसदरीकडून वर गेल्यामुळे खोपोलीकडे जाणारे रूळ फाटा म्हणून उरले.

खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन बांधले गेले, कारण त्या कड्यावर रुळांना वळसा देण्याइतकी जागा नव्हती. वर आलेली गाडी एका बंद टोकाच्या मार्गावर शिरे, तिथे इंजिन सुटून दुसऱ्या बाजूस जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढू लागे. टर्नटेबल जे एका इंजिनासाठी करते, ते इथे डोंगराने सगळ्या गाडीकडून करवून घेतले, आणि या देशातील घाटबांधणीची ही सर्वांत बुद्धिमान युक्ती ठरावी.

ती कालबाह्य झाली 1929 मध्ये: रिव्हर्सिंग स्टेशन टाळणारा नवा मार्ग खुला झाला आणि त्याच वर्षी कल्याण ते पुणे विद्युतीकरणही पूर्ण झाले. ठाकुर्लीच्या वीजघरातून, ज्याला स्थानिक लोक चोळे पॉवर हाऊस म्हणत, या मार्गाला वीज मिळू लागली. मालगाड्या ओढणाऱ्या विजेच्या इंजिनांना, ज्यांना रेल्वेमार्गावरील लोक ‘खेकडा’ म्हणत, दोन्ही टोकांकडे तोंड करून चालवण्याची सोय असल्याने फिरवण्याची गरज उरली नाही, आणि त्यांच्यापुरते राउंडहाउससारख्या वास्तूंचे प्रयोजनच संपले.

1863 नंतर फाटा झालेल्या खोपोलीला आजही लोकल जाते. रिव्हर्सिंग स्टेशनावर मात्र 1929 नंतर गाडी थांबलेली नाही.