चवदार तळ्याचा खटला : पुरावा कोणी द्यायचा?

२० मार्चला आपण हजारोंच्या संख्येने महाडला जातो. पण १७ मार्च किती जणांना आठवतो? १९३७ साली याच दिवशी मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याच्या दाव्यात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. तळ्याचे पाणी ओंजळीत घेतल्यानंतर तब्बल दहा वर्षांनी!

डिसेंबर १९२७ मध्ये, दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर, महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब व सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. बोले ठराव १९२३ पासून होता, नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. तरी कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला तो अस्पृश्यांनाच. त्या वेळी मनुस्मृती जळाली, पण पाणी घेता आले नाही.

वादींचे म्हणणे असे, की तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही अनादि काळापासूनची रूढी आहे. त्या काळच्या कोर्टात सिद्ध झालेली रूढी कायद्यासारखीच चाले. म्हणून सगळा दावा एका प्रश्नावर येऊन थांबला. रूढी सिद्ध कोणी करायची? जो ती सांगतो त्याने. वादींना ते जमले नाही. खालच्या कोर्टांत हरले, हायकोर्टातही हरले.

पण भाबडेपणा नको. अस्पृश्यता बेकायदा आहे, असे हायकोर्टाने म्हटले नव्हते. रूढीचा पुरावा सापडला असता तर? ही पळवाट संविधानाच्या कलम १७ ने बुजवली. रूढी कितीही जुनी असो, अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याचे कलम १२ त्याही पुढे गेले. त्या कायद्याखालचा गुन्हा अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडला, तर तो अस्पृश्यतेमुळेच घडला असे कोर्ट गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. (अभ्यासवर्गांत या कलमाचे नावही निघत नाही!)

ॲट्रॉसिटी कायद्यात मात्र 'मला त्याची जात माहीत नव्हती' हा बचाव वर्षानुवर्षे चालला. गावात जात माहीत नसते म्हणे! २०१५ च्या दुरुस्तीने कलम ८ मध्ये भर घातली. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असेच कोर्ट गृहीत धरणार.

म्हणून कार्यकर्त्यांनो, फिर्याद लिहिली जात असताना नुसते जातिवाचक शब्द नोंदवून उठू नका. आरोपी किती वर्षांचा शेजारी आहे, कोण कोणाच्या शेतावर कामाला जाते, पूर्वी काय व्यवहार झाले, हे सगळे त्यात आले पाहिजे.