उघड्या वेशीचं गाव

रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी दिला आणि रक्षा नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आणून ठेवली. एवढ्या एका गोष्टीवरून आमच्या घरात दोन पिढ्या वाद चालला. पणजोबांना टिळकांची भजनं तोंडपाठ, पण जाळण्याचा विषय निघाला की ते गप्प होत. शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल, मेलेले उठतील, तेव्हा टिळकसाहेबांनी कशाच्या आधारानं उठायचं? आजोबांचं उत्तर ठरलेलं असे : ज्यानं मातीतून माणूस घडवला त्याला राखेचं काय जड? त्यावर पणजोबा म्हणत, "जड न्हाई रं. पण उगा त्याचं काम कशाला वाढवायचं?"

लहानपणी आम्ही याला हसायचो. आता वाटतं, पणजोबांना नेमकं कळलेलं होतं. मेल्यावर जीव भुर्रकन उडून ढगात जाऊन बसतो, हे चित्र नाताळच्या भेटकार्डांचं आहे. दर रविवारी मंडळी उभी राहून जो विश्वासांगीकार म्हणते, त्यात शरीराचं पुनरुत्थान आहे. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती माणसांची आशा तीच होती : येशू देहानिशी कबरेतून उठला, तसे आपणही उठू. आमच्याकडच्या माणसांना हे मनापासून पटलं, त्याला कारण होतं. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं आणि पुढे जिल्ह्यातल्या खेड्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग सर्वांत जास्त. ज्यांच्या देहाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांना कुणी सांगावं की देवाला तुमचा हाच देह परत हवा आहे! आत्मा शुद्ध असतो हे त्यांना पूर्वीही कीर्तनांतून ऐकायला मिळत होतं. त्याचा त्यांना विहिरीपाशी काही उपयोग झाला नव्हता.

विहिरीची गोष्ट आजीची. ती लहान असताना गावच्या विहिरीपाशी घागर ठेवून लांब बसावं लागे. पाटलीणबाईंना दया आली तर त्या उंचावरून पाणी ओतत. घागरीत पडे त्याच्याइतकंच बाहेर सांडे. आजी हे रडून सांगत नसे. पाटलीणबाई भल्या होत्या, असंही वर म्हणे. आमच्या घरचे १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले, म्हणजे गावाच्या मते धान्यासाठी झाले. आजीला कुणी हे तोंडावर म्हटलंच तर ती म्हणे, "मग? उपाशी माणसानं आणखी कशासाठी व्हावं?" या प्रश्नाला मी अजून कुणाचं चांगलं उत्तर ऐकलेलं नाही.

आजोबांनी ऐकलेली ख्रिस्ती कीर्तनं हा घरातला दुसरा खजिना. वीणा, झांजा, पूर्वरंग, उत्तररंग, सगळा थाट आपला आणि आख्यान शुभवर्तमानातलं. ही रीत नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी रुजवली. कथा अनेक, पण खेड्यांतून पुन्हा पुन्हा मागणी व्हायची ती लूकच्या सोळाव्या अध्यायातल्या लाजाराची. जांभळी वस्त्रं नेसणारा एक श्रीमंत रोज मेजवान्या झोडतो आणि त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजार उष्ट्याची वाट पाहत पडलेला असतो. दोघं मरतात. लाजार अब्राहामाच्या उराशी जातो, श्रीमंत ज्वाळांत. तिथून तो वर पाहून विनवतो : लाजाराला पाठवा, त्याला बोटाचं टोक पाण्यात बुडवू द्या आणि माझी जीभ थंड करू द्या.

ही गोष्ट युरोपातल्या गिरजाघरात शेकडो वर्षं ऐकली गेली. पण नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यात कंदिलाच्या उजेडात ती ऐकणाऱ्यांना जे ऐकू गेलं, ते तिथं कुणाला जाणवलं असेल असं वाटत नाही. महाराचं बोट पाण्यात बुडालं की ते पाणी गावाला चालत नसे. आणि इथं जांभळ्या वस्त्रांतला मालक त्याच बोटाचं पाणी जिभेवर मागतोय! आजोबा सांगत, कीर्तनकार इथं मुद्दाम थांबे, मृदंगही थांबे, आणि मागच्या बाजूला कुणीतरी म्हातारी हमखास "देऊ नगं" म्हणून ओरडे. मग हशा. कीर्तनकार दाखवून देई की या श्रीमंताला गोष्टीत नावच नाही; नाव आहे ते भिकाऱ्याला. आणि ज्वाळांत पडूनसुद्धा त्याची खोड गेलेली नाही : लाजाराला हाक न मारता तो अब्राहामालाच सांगतो, याला कामाला धाडा.

नावाचं महत्त्व आमच्या लोकांना फार. पणजीचं नाव असलेला घरातला पहिला कागद म्हणजे तिच्या बाप्तिस्म्याची नोंद. त्यामुळे प्रकटीकरणात जीवनाच्या पुस्तकाचा उल्लेख आला की त्यांच्या डोळ्यांसमोर पाळकसाहेबांचं तेच जाड रजिस्टर येई.

त्याच प्रकटीकरणाच्या शेवटी योहानाला नवं यरुशलेम दिसतं. माणसं वर जात नाहीत. नगरच खाली उतरतं आणि देव माणसांत राहायला येतो. तिथं मंदिर नाही. बारा वेशी आहेत आणि त्या कधीच बंद होत नाहीत. मधून जीवनाच्या पाण्याची नदी वाहते, काठावरचं झाड दर महिन्याला फळ देतं. सोन्याचे रस्ते आणि रत्नांचे पाये यांच्याबद्दल मी आमच्या म्हाताऱ्यांना कधी बोलताना ऐकलं नाही. पाऊस चुकणाऱ्या मुलखातली माणसं ती. नदी आणि बारमाही झाड एवढंच त्यांनी त्यातून उचललं. आणि वेशी. २ मार्च १९३० ला शेजारच्या नाशकात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि आत येऊ पाहणाऱ्यांपुढे दारं लावून घेतली गेली. आजोबा तेव्हा विशीतले. ख्रिस्ती माणसाला मंदिराशी काय देणंघेणं, असं घरात कुणीसं म्हटलं. आजोबा म्हणाले, दारं कुणावर लावली ते बघा.

बाबासाहेबांचा ख्रिस्ती समाजावरही आक्षेप होता आणि तो मला टाळता येत नाही. धर्म बदलला तरी चर्चमध्ये जात उरली, आणि परलोकाकडे डोळे लावलेला माणूस इथल्या अन्यायाशी लढत नाही, हे त्यांचं निरीक्षण होतं. ते खरं ठरवणारी माणसं माझ्याच गोतावळ्यात आहेत. "प्रभू बघून घेईल" म्हणून त्यांनी आयुष्यभर अपमान गिळले. लग्नं ठरवताना महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती हा भेद आमच्यात बिनबोभाट पाळला गेला. त्या वेळी बारा वेशी कुणाला आठवल्या नाहीत. सरकारनं वेगळीच गंमत केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींत हिंदूच धरले. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर. जीवनाच्या पुस्तकात नाव असलेल्याला सरकार अनुसूचित जातीचा दाखला देत नाही.

तरी सगळ्यांना स्वर्गानं सोशीक केलं असं म्हणवत नाही. आजीला केलं नाही. जिथं जायचं तिथली रीत तिला पक्की माहीत होती, म्हणून इथली रीत तिला कधी शेवटची वाटली नाही. ख्रिस्ती झालेल्या बाईनं बसायचं कुठं, हे सांगायला आलेल्यांना तिनं ओट्यावरूनच परत धाडलं, आणि मुलींना शाळेत घातलं ते नवऱ्याशी भांडून. तिच्या म्हातारपणी आम्ही नातवंडं तिला छेडायचो : आजी, स्वर्गात पाटलीणबाई भेटल्या तर?

"येऊ दे की," आजी म्हणायची. "भली बाई व्हती. पण नदी हाय तितं, आपल्या हातानं घेईल पाणी. म्या वाढाया उठायची न्हाई."