हिरवी रेषा आणि तिची अवरक्त भावंडं

१८३५ साली ऑग्यूस्त कोंतनं लिहून टाकलं, की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. आम्ही तत्त्वज्ञानवाले हे ‘कधीच नाही’ फार सहज बोलतो, बरं का! १८६४ मध्ये विल्यम हगिन्सनं कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक लावला. दिसली ठळक हिरवी रेषा. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. पुढे तिच्यासाठी नवं मूलद्रव्यच कल्पलं गेलं, नेब्युलियम. १९२७ मध्ये आयरा बोवेननं दाखवलं, की हा आपला ऑक्सिजनच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. अतिविरळ वायूतच तो असा उजळतो.

पण या रेषेत एक गोम आहे. धूळ तिला अडवते. शिवाय तापमान जरा बदललं की तिची तीव्रता खूप बदलते. मग ऑक्सिजन जास्त आहे, की वायूच तापलाय? एकट्या तिच्यावरून सांगता येत नाही. त्याच आयनीभूत ऑक्सिजनच्या ५२ आणि ८८ मायक्रॉनच्या अवरक्त रेषा मात्र धुळीतून पार येतात, तापमानाची फारशी पर्वा करत नाहीत. अडचण आपल्या हवेतल्या बाष्पाची, ते त्यांना गिळतं. म्हणून १९७०च्या दशकात नासानं ९१ सेंटिमीटरची दुर्बीण विमानात बसवून १२ किलोमीटरच्याही वर नेली. तिथून या रेषा मोजता आल्या. दोघींच्या गुणोत्तरावरून तो वायू किती दाट आहे, तेही कळू लागलं.