निवडणूक चौकशीचे पक्षीय वाद : जुन्नर व आंबेगाव

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील या दोन तालुक्यांत ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतच्या निवडणुका निर्मळ झाल्या की नाही, हे कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने तपासायचे यावरून राजकीय गटांत होणारे वाद. मतदार यादी, उमेदवाराची पात्रता, पैशांचे वाटप आणि मतमोजणी हे त्यांचे नेहमीचे विषय. गैरप्रकार झाला की नाही यापेक्षा चौकशी मागणारा कोणत्या गटाचा आहे यावर तक्रारीची किंमत ठरते, हे या वादांचे सर्वांत ठळक आणि सर्वांत घातक लक्षण होय. राज्यात इतरत्र तेच आढळते. या दोन तालुक्यांत ते अधिक जवळून पाहता येते.

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग डोंगराळ, महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्तीचा व अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडणारा. पूर्व भाग डिंभे, येडगाव, माणिकडोह धरणांच्या पाण्यावर ऊस, टोमॅटो, द्राक्षे पिकवणारा. जुन्नरमधील विघ्नहर आणि आंबेगावातील भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने, नारायणगाव व मंचरच्या बाजार समित्या ही सत्तेची खरी ठाणी. आंबेगावचे प्रतिनिधित्व १९९० पासून दिलीप वळसे पाटील करीत आले आहेत. जुन्नरचा मतदार मात्र आमदार बदलत राहिला : २०१४ मध्ये शरद सोनवणे यांच्या रूपाने राज्यातला मनसेचा एकमेव आमदार याच तालुक्याने दिला, २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे अतुल बेनके निवडून आले आणि २०२४ मध्ये सोनवणे अपक्ष म्हणून परतले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा वर्षानुवर्षे एकाच मांडवात बसलेले कार्यकर्ते समोरासमोर आले. एकमेकांच्या याद्या, बूथ आणि खर्चाच्या वाटा ज्यांना तोंडपाठ, तेच आता एकमेकांविरुद्ध तक्रारदार झाले. या भागातल्या आरोपांना धार आली ती यामुळे.

यंत्रणा : स्थानिक निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. त्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३के नुसार राज्य निवडणूक आयोगाकडे आहेत. आयोगाला तालुका पातळीवर स्वतःचे मनुष्यबळ नाही. काम जिल्हाधिकारी, प्रांत आणि तहसीलदार करतात. जुन्नर व आंबेगावचा उपविभाग एकच असून त्याचे कार्यालय मंचर येथे आहे. आज निवडणूक निर्णय अधिकारी असलेला तहसीलदार उद्या पुन्हा महसूल खात्याचा अधिकारी होतो आणि त्याची बदली मंत्रालयात ठरते. त्यामुळे त्याने केलेली चौकशी विरोधी गटाला पटत नाही, मग ती कितीही सचोटीने झालेली असो. साखर कारखाने व बाजार समित्यांच्या निवडणुका तर तिसऱ्याच संस्थेकडे, राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे आहेत. गावातल्या माणसाला या तीन दारांपैकी कोणते ठोठावायचे हेच पुष्कळदा कळत नाही, आणि ते कळेपर्यंत मुदत निघून जाते.

प्रभाग रचना हाही जुना दुखरा भाग. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभाग रचनेचा अधिकार आयोगाकडून राज्य सरकारकडे घेणारे विधेयक एकमताने संमत केले. नंतर जिल्हा परिषदेचे गट व पंचायत समितीचे गण यांच्या सीमांवरून सरकारला दोष देणारे आणि त्याचे समर्थन करणारे, दोघेही त्या दिवशी एका बाजूला होते. नोंदीच्या दृष्टीने हे विसरण्याजोगे नाही.

मतदार यादी : बहुतेक वादांचे मूळ इथे आहे. राज्य आयोग स्वतःची यादी तयार करीत नाही; विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत, गणांत विभागतो. प्रभाग चुकला असेल किंवा विधानसभेच्या यादीत असलेले नाव उतरवताना गळले असेल तर ते तो दुरुस्त करू शकतो. नवे नाव घालणे किंवा जुने काढणे त्याच्या अधिकारात नाही. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरण्यात आली.

जुन्नर-आंबेगावात या मर्यादेचा अर्थ अगदी ठोस आहे. इथली हजारो कुटुंबे मुंबई, ठाणे, भोसरी, चाकणला नोकरीधंद्यासाठी गेली. घर, शेत, यात्रा गावाकडे. रेशनकार्ड आणि मुलांची शाळा शहरात. अनेकांचे नाव दोन्हीकडे राहिले. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईकरांच्या गाड्या गावात उतरतात आणि पाच-दहा मतांनी फिरणारा प्रभाग त्या गाड्यांवर ठरतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम १७ व १८ नुसार एका व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी असता कामा नये. खोटे प्रतिज्ञापन केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही गावातला एकही गट मनापासून सगळी दुबार नावे काढा म्हणत नाही. समोरच्याच्या भावकीतली काढा, एवढीच मागणी असते. नाव वगळण्यासाठीचे नमुना ७ चे अर्ज गठ्ठ्याने दाखल झाले की ते ज्यांच्या विरुद्ध असतात ती बाजू याला षड्‌यंत्र म्हणते, आणि पुढच्या निवडणुकीत भूमिका उलटतात. यात खरा बळी जातो तो वर्षातून आठ महिने बाहेर मजुरीला असलेल्या कातकरी वा ठाकर कुटुंबाचा. त्याचे नाव एकाच ठिकाणी असते, पण पडताळणीला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) येतो तेव्हा दाराला कुलूप असते.

याच प्रश्नावर २०२५ मध्ये राज्य ढवळून निघाले. ऑक्टोबरात शरद पवार, उद्धव ठाकरे, राज ठाकरे, बाळासाहेब थोरात आदी विरोधी नेत्यांनी मुख्य निवडणूक अधिकारी आणि राज्य निवडणूक आयुक्त दिनेश वाघमारे यांची भेट घेऊन याद्यांतील दोष मांडले. १ नोव्हेंबरला मुंबईत ‘सत्याचा मोर्चा’ निघाला. भाजपने त्याच दिवशी मूक आंदोलन केले, आणि पुढे त्या पक्षाचे आशिष शेलार यांनी विरोधकांच्या मतदारसंघांतील दुबार नावांचे आकडे मांडले. म्हणजे दुबार नावे आहेत यावर दोन्ही बाजूंचे एकमत झाले होते. वाद उरला तो कोणाच्या फायद्याची एवढाच. राज्य आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापण्याचा मार्ग काढला. अशा मतदाराने आपण कोणत्या केंद्रावर मत देणार हे आधी कळवायचे. न कळवल्यास केंद्रावर हमीपत्र द्यायचे. हा उपाय एका मतदानापुरता आहे. नाव यादीतच राहते.

ग्रामपंचायत आणि पक्षाचा दावा : ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. उमेदवार पॅनेलच्या नावाने उभे राहतात आणि सरकारी निकालपत्रात पक्षाचा रकाना नसतो. तरीही निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपल्या सरपंचांची संख्या जाहीर करतो, आणि अनेकदा त्या संख्यांची बेरीज तालुक्यातील गावांपेक्षा जास्त भरते. हा दावा कोणत्याही कागदावरून तपासता येत नाही. सरपंच थेट निवडायचा की सदस्यांतून, हा नियमही सरकारबरोबर बदलला : २०१७ मध्ये थेट, २०२० मध्ये रद्द, २०२२ मध्ये पुन्हा थेट.

बिनविरोध निवड हा गावाच्या अभिमानाचा विषय. शेजारच्या पारनेर तालुक्यात २०२० च्या अखेरीस आमदार निलेश लंके यांनी बिनविरोध गावांना २५ लाखांचा निधी जाहीर केला होता. समेटातून झालेला बिनविरोध आणि दबावातून किंवा बोलीतून झालेला बिनविरोध बाहेरून सारखाच दिसतो, ही अडचण खरी आहे. जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका सरपंचपदाच्या लिलावाच्या चित्रफिती पुढे आल्यावर रद्द केल्या. उमराण्याची बोली २ कोटी ५ लाखांची होती, खोंडामळीची ४२ लाखांची. आयोगाने मनावर घेतले तर काय होऊ शकते याचे हे चांगले उदाहरण आहे. पण दोन्ही ठिकाणी पुरावा गावकऱ्यांच्याच मोबाइलने दिला होता.

पैसे वाटपाबाबत कायदा दुबळा आहे. मतासाठी लाच देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७३ खाली एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचा, पण अदखलपात्र गुन्हा. दंडाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि परवानगी येईपर्यंत पाकिटे घरोघर पोचलेली असतात.

अपात्रता प्रकरणे : मतदानात हरलेली लढाई जिल्हाधिकाऱ्यांसमोर पुन्हा लढण्याचा हा मार्ग. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४ खाली १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य, शासकीय जागेवर अतिक्रमण, थकबाकी या कारणांनी सदस्यत्व जाते. खर्चाचा हिशेब मुदतीत न दिल्यासही कारवाई होते. राखीव जागेवर निवडून आलेल्याला ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र द्यावे लागते. अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद अनुसूचित जमातींसाठीच राखीव असल्याने पश्चिम पट्ट्यात या प्रमाणपत्राला विशेष महत्त्व येते. नियम योग्य आहेत, पण त्यांची अंमलबजावणी तक्रारीवर अवलंबून आहे. गायरानात घर असलेले पाच सदस्य असतील तर तक्रार विरोधी गटातल्या एकाचीच होते, आणि उरलेले चार मुदत पुरी करतात.

आंबेगाव, २०२४ : ही विधानसभेची निवडणूक असली तरी नंतरच्या स्थानिक वादांवर तिची छाया आहे. वळसे पाटील (राष्ट्रवादी, अजित पवार) यांना १,०६,८८८ आणि देवदत्त निकम (शरद पवार गट) यांना १,०५,३६५ मते मिळाली; अंतर १,५२३. निकम हे पूर्वी वळसे पाटलांचेच सहकारी व भीमाशंकर कारखान्याचे माजी अध्यक्ष. त्याच नाव-आडनावाचा एक अपक्ष उमेदवार रिंगणात होता आणि त्याचे चिन्ह ट्रम्पेट होते. त्याला २,९६५ मते पडली. शरद पवार गटाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच वर्षी सातारा लोकसभेत असेच घडले होते : पक्ष ३२,७७१ मतांनी हरला आणि तुतारीसदृश चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मते गेली. पक्षाने भारत निवडणूक आयोगाकडे तक्रार करूनही ट्रम्पेट मुक्त चिन्हांत राहिले.

सत्ताधारी बाजूचे म्हणणे असे की नाव, छायाचित्र आणि चिन्ह तिन्ही यंत्रावर असतात, आणि कोणालाही उभे राहण्याचा हक्क आहे. कायद्याने ते बरोबर आहे. पण त्या २,९६५ मतदारांना नेमके कोणाला मत द्यायचे होते हे कोणतीही फेरमोजणी सांगू शकत नाही. यंत्र तपासून, यादी तपासूनही हा प्रश्न सुटणार नाही. तो चिन्हवाटपाच्या वेळीच सुटायला हवा होता. या निकालावरील चर्चा मात्र यंत्रे आणि याद्यांकडेच वळत राहिली.

यंत्राबाबतचा वाद सर्वांत तीव्र झाला तो सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीत. त्याच विधानसभा निवडणुकीत माळशिरस मतदारसंघात शरद पवार गटाचे उत्तम जानकर निवडून आले, पण या गावात भाजपचे राम सातपुते यांना १,००३ आणि जानकरांना ८४३ मते मिळाली. हा आकडा मान्य नसलेल्या गावकऱ्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वखर्चाने मतपत्रिकेवर चाचणी मतदान ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, गुन्हे दाखल झाले, मतदान झाले नाही. ८ डिसेंबरला शरद पवार गावात आले. १० डिसेंबरला सत्ताधारी बाजूचे सदाभाऊ खोत, गोपीचंद पडळकर यांनी तिथेच प्रतिसभा घेतली. जिंकलेल्या उमेदवाराच्या बाजूने तपासणी मागितली जाण्याचे हे दुर्मीळ उदाहरण. असे मतदान कायद्याच्या चौकटीत बसत नव्हते. पण गुन्हे दाखल करून प्रशासनाने शंका मिटवली नाही, ती वाढवली.

मतमोजणी व न्यायालय : स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट नसते. एकाच मतदाराने नगराध्यक्ष व प्रभागातील सदस्य अशी अनेक मते द्यायची असल्याने ते शक्य नाही, ही आयोगाची भूमिका. म्हणजे विधानसभेला निदान कागदी चिठ्ठी आहे, आणि दोन-चार मतांनी निकाल फिरणाऱ्या नगरपरिषदेला तीही नाही. जुन्नर नगरपरिषद आणि मंचर नगरपंचायतीसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले. मंचरची ही नगरपंचायत म्हणून पहिलीच निवडणूक. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती, परंतु काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरला गेल्याने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व निकाल २१ डिसेंबरला एकत्र लावण्याचा आदेश दिला. यंत्रे अठरा-एकोणीस दिवस स्ट्राँगरूममध्ये राहिली, आणि राज्यभर उमेदवारांनी बाहेर पहारे बसवले.

निकालानंतर एकच रस्ता उरतो. अनुच्छेद २४३ओ व २४३झेडजी नुसार निवडणूक याचिकेशिवाय न्यायालयात आव्हान देता येत नाही. ग्रामपंचायतीसाठी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे निकालापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करायचा. नगरपरिषदेसाठी मुदत राजपत्रातील प्रसिद्धीपासून दहा दिवसांची. अर्जासाठी पंधरा दिवस असले तरी निकालासाठी कोणतीही मुदत व्यवहारात पाळली जात नाही. हरयाणातील बुआना लाखू या गावच्या सरपंचाची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्रे दिल्लीला मागवून आपल्या आवारात फेरमोजणी केली, तेव्हा हरलेला उमेदवार १,०५१ विरुद्ध १,००० मतांनी जिंकल्याचे निष्पन्न झाले. पाच वर्षांच्या मुदतीपैकी पावणेतीन वर्षे तोवर संपली होती. जुन्नर किंवा घोडेगावच्या दिवाणी न्यायालयात अर्ज करणाऱ्या पराभूत उमेदवारापुढे हाच हिशेब असतो, आणि म्हणून बहुतेक जण याचिकेऐवजी कलम १४ ची तक्रार किंवा पत्रकार परिषद निवडतात. पुणे जिल्हा परिषदेत आणि तिच्या पंचायत समित्यांत मार्च २०२२ पासून प्रशासक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशानंतर निवडणुकांना गती आली. मधल्या तीन वर्षांहून अधिक काळात आव्हान द्यायला निवडणूकच नव्हती, आणि त्या पोकळीची चौकशी एकाही पक्षाने मागितल्याचे दिसत नाही.